शब्दचर्चा: व्हीसीडीने रेणूचा विन्यास 'सिद्ध' होतो की 'ठरतो'?

प्रश्न:
एका लेखाचं मराठी करतोय, त्यात व्हीसीडी म्हणजे व्हायब्रेशनल सर्क्युलर डायक्रोइझम वापरून रेणू आर आहे की एस, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन मांडण्यांपैकी (विन्यासांपैकी) कोणता, ते काढलंय. मी लिहिलं, "कॅल्क्युलेशनने रेणू उजवा असल्याचं सिद्ध झालं." संपादकबाई म्हणतात सिद्ध नको. मग काय लिहू?

उत्तर:
त्यांचं बरोबर आहे, पण आधी तो "उजवा" काढा. वाचक त्याचा अर्थ ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवणारा असा घेतो आणि ती गोष्ट वेगळी. आपल्या स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक अ‍ॅसिड एस विन्यासाचं, ते प्रकाश उजवीकडे वळवतं आणि त्याचाच सोडियम क्षार डावीकडे, विन्यास तोच असून! सरळ "आर विन्यास" लिहा.

आता सिद्ध. डावा आणि उजवा वर्तुळध्रुवित इन्फ्रारेड प्रकाश कायरल (स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत न बसणारा) रेणू किंचित कमीजास्त शोषतो, हा फरक मूळ शोषणाच्या दहाहजारांश किंवा त्याहूनही कमी. तो मोजायचा, मग कॉम्प्युटरवर रेणू आर आहे असं धरून डीएफटीने (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, क्वांटम गणनेची एक पद्धत) स्पेक्ट्रम काढायचा, त्यातल्या पट्ट्यांची धन-ऋण चिन्हं जुळली तर आर, सगळी उलटी आली तर एस. म्हणजे हातात असते ती जुळणी, आणि जुळणीवरून आपण ठरवतो.

प्रतिसाद:
मग हे अंदाजपंचेच झालं की?

उत्तर:
अजिबात नाही, हा शब्द तर मुळीच वापरू नका. कापूर किंवा आल्फा-पायनीनसारखा ताठ रेणू असेल तर जुळणी इतकी पक्की येते की यंत्र नीट चाललंय का हे बघायलाही तेच नमुने वापरतात. अडचण लवचीक रेणूंची. त्यांचे अनेक कन्फॉर्मर, म्हणजे बंधांभोवती फिरून घेतलेले आकार, असतात, एकच पट्टा एकात धन आणि दुसऱ्यात ऋण येऊ शकतो, आणि कोणता कन्फॉर्मर किती हे ऊर्जेवरून काढतात, तिथे १ किलोकॅलरी प्रति मोल चुकलं तरी खोलीच्या तापमानाला प्रमाण पाचपटीने बदलतं. त्यात डीएमएसओसारखा द्रावक हायड्रोजन बंध करून बसला आणि कॅल्क्युलेशनमध्ये तो धरलाच नाही, तर चिन्हंही फिरतात.

प्रतिसाद:
"रोबस्ट मोड"ला काय म्हणता मग?

उत्तर:
मी "भरवशाचं कंपन" म्हणते. पट्ट्याचं चिन्ह विद्युत आणि चुंबकीय संक्रमण द्विध्रुवांमधल्या (कंपनाने रेणूत होणाऱ्या विद्युत आणि चुंबकीय बदलांच्या दिशांमधल्या) कोनावरून ठरतं. कोन ९० अंशांच्या जवळ असला की जराशा फरकाने चिन्ह पालटतं, म्हणून अशा पट्ट्यांवर विसंबू नये असं निकू आणि बेरेन्ड्स या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं. "मजबूत कंपन" करू नका, वाचकाला वाटेल पट्टा उंच आहे, आणि उंच पट्टासुद्धा बेभरवशाचा असू शकतो.

प्रतिसाद:
टार्टारिक अ‍ॅसिडच्या बाबतीत काय लिहायचं? तिथे तर सिद्ध चालावं.

उत्तर:
चालेल. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने विन्यास गृहीत धरला होता, १९५१ मध्ये बायफूट आणि सहकाऱ्यांनी टार्ट्रेटच्या स्फटिकावर एक्स-रे वापरून तो खरा निघाल्याचं दाखवलं. तिथे आधी "गृहीत", मग "सिद्ध".

मूळ प्रश्नकर्ता:
असं केलं: "मोजलेल्या आणि गणनेने काढलेल्या व्हीसीडी पट्ट्यांच्या जुळणीवरून रेणूचा आर विन्यास ठरवला." चालेल ना?

उत्तर:
मस्त. फक्त "क्लोरोफॉर्ममध्ये मोजलेल्या" किंवा जो द्रावक असेल तो घाला, त्याशिवाय ती जुळणी दुसऱ्याला तपासता येणार नाही.