ख्रिस्ती पुस्तकं: तुम्हाला कुणी दिली, तुम्ही कुणाला दिली?

आजीची_नात
माळ्यावरच्या ट्रंकेत काल आजीचं 'स्मृतिचित्रे' सापडलं, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. पहिलं पान गायब, मधे खुणेला 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाचं फाटकं पान. मी नववीत असताना आजीने हे शेजारच्या काकूंना वाचायला दिलं होतं. काकू कडक सोवळ्यातल्या. आई घाबरली, "अहो आई, त्यांना वाटेल आपण बाटवायला निघालो." आजी म्हणाली, "लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं वाचलं की हसून हसून तिचं सुटेल." सुटलं नाही. पण पुस्तक परत द्यायला आल्या तेव्हा काकू दोन तास बसल्या. विषय एकच, लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक न सांगता घरातून निघून जायचे तेव्हा त्या बाईने कसं निभावलं. धर्माचा शब्द नाही. काकांचंही तसंच होतं, हे मला फार उशिरा कळलं.
तुमचं सांगा. कुणी काय दिलं, तुम्ही काय दिलं, चुकलं असेल तर तेही.

वसईकर
आमच्याकडे 'सुवार्ता' मासिक यायचं, पप्पांचं वाचून होईपर्यंत हात लावायचा नाही. फादर दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तेव्हा ऑफिसातल्या मित्राने मागून नेलं. अजून परत नाही. परवा आठवण केली तर म्हणतो, "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले." म्हणजे बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकापर्यंत वाचलंय, हे वाक्य तिथलं.

रात्रपाळी
😂😂 घाईत लिहितोय. मी ख्रिस्ती नाही, कुतूहल आहे. बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू केलं, तिसऱ्यात, लेवीयात बंद पडलो. तीनदा.

पाळकांची_सून
@रात्रपाळी दादा, लेवीयात सगळेच पडतात, आम्हीसुद्धा. मार्काच्या शुभवर्तमानापासून धरा, येशूची गोष्ट आहे. १६च अध्याय, दोन बैठकांत होतो. मग लूक. शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, एवढ्यात नको.

चुकल्याचं माझं सांगते. मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. मी आठवड्याच्या आत तिला 'देव दुःख का देतो' छापाची पुस्तिका नेऊन दिली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तशा गठ्ठ्याने पडलेल्या असतात. तिने घेतली, चहा केला, आणि पुढे सहा महिने माझा फोन उचलला नाही. नंतर एकदा बसस्टॉपवर भेटली. म्हणाली, तू उत्तरं घेऊन आलीस, मी प्रश्न विचारलाच नव्हता. मग तिनेच मला बायबलातलं स्तोत्र ८८ दाखवलं. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारात संपतं. आयुष्यभर शास्त्र वाचून माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. आता कुणाच्या घरी मयत असेल तर पुस्तक नेत नाही. डबा नेते.

सावली
डबा ❤️ कुकर लावलाय, नंतर लिहिते

गोदाकाठ
'ख्रिस्तपुराण' कुणी अख्खं वाचलंय का? फादर स्टीफन्स इंग्लंडहून आलेला माणूस, १६१६ला मराठी ओव्या छापतो, त्याही रोमन लिपीत, जवळजवळ ११ हजार! आमचे बाबा देवनागरीतलं मोठ्याने म्हणतात. एकदा खालच्या मजल्यावरच्या माळकरी आजोबांनी हाक मारली, "अहो, ज्ञानेश्वरीचा कितवा अध्याय?" बाबा म्हणाले, वर या, सांगतो. तेव्हापासून दर गुरुवारी येतात. हे पुस्तक मनात वाचायला दिलंत तर कुणी दहा पानांपुढे जाणार नाही. म्हणून दाखवायचं.
भावाला पण एक प्रत दिलेली. त्याने ती कपाटाच्या पायाखाली सरकवली आहे.

वसईकर
भक्कम आधार 😄

आजीची_नात
😂 बरं, ट्रंकेत कसर लागलीय, काय करावं?

सावली
कडुलिंबाचा वाळलेला पाला, चार लवंगा. डांबरगोळ्या नको, वास जात नाही. पुस्तकाची पानं आधी सावलीत पसर, उन्हात पिवळी पडतात.
आणि हो, मूळ विषय. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबल केडगावच्या (रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं) एका मावशींनी मला दाखवलं होतं. शिक्षण नसलेल्या बायकांनाही कळावं म्हणून सोपी मराठी. रमाबाई १९२२ला गेल्या, छापून आलं १९२४ला. मावशींना स्वतःला वाचता येत नव्हतं. कुणी आलं की त्याच्या हातात देऊन म्हणायच्या, वाच गं थोडं. शिफारस वगैरे नाही, कामालाच लावायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आज.

पाळकांची_सून
सावली, मावशी कुठे असतात आता?

सावली
नाहीत गं.

गोदाकाठ
@आजीची_नात पहिलं पान काकूंकडे राहिलं असेल, विचार.

आजीची_नात
विचारलं. त्यांना पुस्तक आठवतंय, पान नाही. वर म्हणाल्या, परत दे एकदा, डोळ्याचं ऑपरेशन झालंय आता.

रात्रपाळी
मार्क चौथा अध्याय. एवढं वादळ आणि हा येशू होडीत मागे उशी घेऊन झोपलेला. माझी ड्युटी सहाला सुटते. पुढचं उद्या.