मोठ्या सवलतीच्या दुकानांमुळे बडोद्यातील किराणा व्यवहारावर नेमका काय परिणाम होत आहे?

रावपुरा_वाचक

दांडिया बाजार, रावपुरा, खारीवाव या जुन्या भागांत राहणाऱ्या मराठी घरांची एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. महिन्याची यादी ठरलेल्या किराणा दुकानात द्यायची, माल घरपोच यायचा, पैसे पगार झाल्यावर जायचे, आणि उन्हाळ्यात वर्षाचा गहू व एरंडेल लावलेली तुरीची डाळ हाथीखान्यातून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातून, भरायची. शहराच्या बाहेरच्या रस्त्यांवर सवलतीची मोठी दुकाने उभी राहिल्यापासून ही रीत झपाट्याने मोडत चालली आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरची मंडळी गाडी काढतात आणि साबणापासून साखरेपर्यंत सारे एका फेरीत आणतात. पेठेतल्या दुकानात मग जातात ते संपलेली कोथिंबीर, एखादा दह्याचा डबा किंवा अडीअडचणीला लागणारा पाव किलो रवा आणायला.

आमच्या मंडळात या विषयावर दोन तट पडले आहेत. स्वस्त मिळते तेथून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि दुकानदाराने काळाप्रमाणे बदलावे, असे काहींचे म्हणणे आहे. तर मोठ्या दुकानांवर बहिष्कार घालावा, असे काहीजण आग्रहाने सांगतात. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात, कारण ही स्वस्ताई मुळात येते कोठून आणि तिची किंमत कोण मोजतो, याची माहिती कोणीच देत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. इतर ठिकाणी काय घडले, याचा काही अभ्यास झाला असल्यास तोही सांगावा.

हिशेबनीस

आपण प्रश्न योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे. अनेक वर्षे लहान-मोठ्या व्यापाऱ्यांची खाती लिहिली असल्यामुळे मी केवळ आकड्यांच्या बाजूने उत्तर देतो.

वेष्टनावर जी छापील किंमत असते तिच्यात कारखान्यापासून गल्लीतल्या दुकानापर्यंत प्रत्येकाचा वाटा आधीच धरलेला असतो. दैनंदिन वापराच्या वस्तूंत वितरकाला साधारण चार ते सहा टक्के आणि किरकोळ दुकानदाराला साधारण आठ ते बारा टक्के सुटतात. छापील किमतीपेक्षा जास्त घेण्यास कायद्याची मनाई आहे, कमी घेण्यास नाही. मोठे दुकान थेट कंपनीकडून माल उचलत असल्याने वितरकाचा वाटा त्याच्या हाती येतो, मोठ्या खरेदीची सूट वेगळी मिळते, आणि या दोन्हींतला काही भाग ते ग्राहकाला देते. ‘छापील किमतीवर इतकी सूट’ ही पाटी तेथून येते.

डीमार्टचे उदाहरण घेऊ, कारण कंपनी शेअर बाजारात असल्यामुळे तिचे हिशेब सर्वांना उपलब्ध आहेत. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिले दुकान काढले आणि २०१७ मध्ये कंपनी बाजारात आली. बहुतेक दुकानांच्या जागा तिने भाड्याने न घेता विकत किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतल्या, वस्तूंचे प्रकार मोजके ठेवले, आणि पुरवठादाराचे पैसे आठवडा-दीड आठवड्यात चुकते करण्याची शिस्त पाळली. इतर मोठे खरेदीदार पुरवठादाराला महिना महिना थांबवतात. रोखीच्या जवळ जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणीही चांगला भाव देतो. शंभर रुपयांच्या विक्रीत या कंपनीची ढोबळ कमाई, म्हणजे मालाची खरेदी किंमत वजा जाता उरणारी रक्कम, साधारण पंधरा रुपयांच्या आसपास असते. विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा खाद्यपदार्थांचा आहे, परंतु पाचव्या हिश्शाहून अधिक वाटा कपडे, भांडी, प्लास्टिकचे सामान यांचा आहे आणि त्यांत टक्केवारी चांगली सुटते. तेल आणि साखर गिऱ्हाइकाला आत आणतात. कमाई चादरी आणि स्टीलच्या डब्यांवर होते. पेठेतल्या किराणा दुकानाला अशी दुसरी बाजूच नाही.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. मोठे दुकान शंभरात पंधरा रुपये राखून स्वस्त ठरते आणि आपला दुकानदार दहा रुपये राखून महाग ठरतो. म्हणजे तो अधिक नफा घेतो म्हणून महाग नाही, तर त्याला मालच महाग मिळतो. शिवाय त्याच्या दहा रुपयांत गाळ्याचे भाडे, स्वतःचा पगार, दुपारी गल्ल्यावर बसणाऱ्या पत्नीचे श्रम आणि शाळेतून आल्यावर सामान पोहोचवणाऱ्या मुलाचे श्रम यांपैकी काहीच धरलेले नसते. महिनाभराच्या उधारीवर अडकलेल्या रकमेचे व्याजही तो कधी लावत नाही. हे सर्व खर्च कागदावर मांडले तर पेठेतली अनेक दुकाने आजच तोट्यात दिसतील. मोठ्या दुकानाने त्यांना बुडवले असे म्हणण्यापेक्षा, घरच्या माणसांच्या बिनपगारी कष्टांवर तोललेला व्यवसाय थोड्याशा धक्क्याने कोसळतो, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

वितरण_बडोदे

हिशेबनीसकाकांनी सांगितलेल्या साखळीत मधली कडी माझी आहे, त्यामुळे तेथून काय दिसते ते सांगतो.

कंपनी मला ज्या भावाने साबणाची पेटी देते, त्याहून कमी भावाने तीच पेटी मोठ्या खरेदीदाराला मिळते. कित्येकदा माझ्या लाइनवरचे दुकानदार माझ्याकडून माल घेण्याऐवजी थेट मोठ्या घाऊक दालनात जातात, कारण तेथील विक्रीचा भाव माझ्या खरेदीच्या भावाच्याही खाली असतो. एका नामांकित कंपनीच्या अधिकाऱ्याला मी याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी वेष्टनाचा आकार वेगळा असल्याचे कारण सांगितले. पाहिले तर वजनात किरकोळ फरक करून नवा क्रमांक दिलेला होता. ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. २०२१च्या अखेरीस देशभरातील वितरकांच्या संघटनेने सर्वांना सारखा भाव देण्याची मागणी केली होती आणि २०२२च्या सुरुवातीला महाराष्ट्रात काही कंपन्यांची ठरावीक उत्पादने न उचलण्याचे पाऊलही टाकले होते.

लोक दुकानदाराबद्दल बोलतात, पण त्याच्या मागची माणसे कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. वहीत ऑर्डर लिहून घेणारा सेल्समन, टेम्पोचालक, गोदामातला पोऱ्या, हाथीखान्यातला हमाल आणि दलाल या सगळ्यांची रोजी त्याच चार-सहा टक्क्यांत भागते. आणि मालाबरोबर उधारीही याच वाटेने खाली उतरते. मी दुकानदाराला आठ-पंधरा दिवसांची मुदत देतो, त्या बळावर तो मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कामगाराच्या घरी महिन्याची उधारी देतो. कामगाराचा पगार लांबला तर वहीत एक ओळ वाढते आणि चूल पेटती राहते. दुकानाची उलाढाल घटली की मी मुदत कमी करतो, कारण माझेही पैसे अडकलेले असतात. मग दुकानदार आधी कोणाची वही बंद करतो, तर ज्याचा पगार बेभरवशाचा आहे त्याची. रोखीने घेणाऱ्या घरांनी दुकान सोडले, त्याचा फटका उधारीने घेणाऱ्या घराला बसतो. ही दोन्ही घरे एकमेकांना ओळखतही नसतात.

मांजलपूर_गृहिणी

काका आणि भाई, दोघांचेही मुद्दे पटले, तरी बायकांच्या बाजूने काही लिहिणे मला आवश्यक वाटते.

पेठेतले दुकान म्हणजे आपुलकी, असे सगळेच म्हणतात. ती आपुलकी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, चार पुरुषांच्या मागून हात पुढे करून वस्तू मागावी लागे. कोणत्या डाळीचा कोणता भाव हे विचारण्याची चोरी असे. आणि सॅनिटरी नॅपकिन मागितले तर ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत मिळे, जणू काही अपराधच केला. ज्यांच्या आडनावावरून किंवा वस्तीवरून त्यांना ताटकळत ठेवले जाई, अशा बायकांना मोठ्या दुकानात कोणी अडवत नाही, वस्तू हातात घेऊन मागे लिहिलेले वाचू देतात, आणि बिलावर प्रत्येक रकमेचा हिशेब असतो. माझ्या शेजारची मुलगी अशाच एका दुकानात गल्ल्यावर बसते. तिला ठरलेल्या तासांचे काम, बँकेत पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो. दिवसभर उभे राहून तिचे पाय सुजतात, हेही खरे आहे आणि नोकरी कंत्राटी आहे, हेही.

मात्र एक निरीक्षण नोंदवते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मोठ्या दुकानाच्या स्वस्ताईचा उपयोग जवळजवळ नाही. पाच किलोचा पुडा उचलण्याइतके पैसे त्यांच्याकडे एका वेळी नसतात, तेथे जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे सवलतीपेक्षा जास्त होते, आणि त्या दिवसाच्या कमाईतून दहा रुपयांचे तेल व पाव किलो तांदूळ घेण्याची सोय फक्त गल्लीत आहे. ज्यांना पैसे वाचवण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच ही सवलत मिळत नाही.

अर्थशास्त्र_अध्यापन

अभ्यासांविषयी विचारले आहे, म्हणून त्यापुरते लिहिते.

भारत सरकारच्या सांगण्यावरून इक्रिअर या संस्थेने २००८ मध्ये संघटित किरकोळ व्यापाराच्या परिणामांचा अहवाल दिला. मोठ्या दुकानाच्या परिसरातील लहान दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटतो, पण काळानुसार हा परिणाम सौम्य होतो, असे त्यात आढळले. लहान दुकाने बंद पडण्याचे वार्षिक प्रमाण ४.२ टक्के होते आणि त्यांपैकी संघटित व्यापाराच्या स्पर्धेमुळे बंद पडणाऱ्यांचे प्रमाण १.७ टक्के होते. हे आकडे आज जसेच्या तसे वापरू नयेत, कारण तेव्हा मोठी दुकाने फार थोडी होती आणि घरपोच पुरवणारी मोबाइल ॲप तर नव्हतीच.

अमेरिकेत वॉलमार्ट या मोठ्या साखळी दुकानावर अधिक अभ्यास झाला आहे. एमेक बास्कर यांच्या २००५च्या अभ्यासानुसार नवे दुकान आलेल्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) किरकोळ क्षेत्रातील रोजगार सुरुवातीला सुमारे शंभराने वाढला आणि पुढील पाच वर्षांत त्यातील निम्मी वाढ विरली. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उलट निष्कर्ष काढला : वॉलमार्टमधील एका कर्मचाऱ्यामागे किरकोळ क्षेत्रातील इतर सुमारे १.४ नोकऱ्या जातात. दोन प्रामाणिक अभ्यासांत इतके अंतर पडते, कारण दुकाने नेमकी वाढत्या वस्तीच्या ठिकाणीच काढली जातात आणि वाढ दुकानामुळे झाली की वाढीमुळे दुकान आले, हे वेगळे करणे कठीण असते.

आपल्यासाठी मला अमेरिकेच्याच आयोवा राज्यातील केनेथ स्टोन यांचे काम अधिक उपयुक्त वाटते. ज्या गावात मोठे दुकान येते तेथील एकूण व्यापार बहुधा वाढतो, पण आसपासच्या लहान गावांची पेठ ओस पडते, असे त्यांनी दाखवले. बडोद्याच्या पेठेची चिंता करताना आसपासच्या पादरा, डभोई आणि सावली या गावांचे दुकानदार आपण विसरतो. तेथील सुस्थितीतील कुटुंबे महिन्याची खरेदी बडोद्यात करू लागली, तर ती गावे हा व्यवहार कशाने भरून काढणार?

धोरणाबद्दल सांगायचे तर २०१२ मध्ये केंद्राने बहुब्रँड, म्हणजे एकाच दुकानात अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या, किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला मुभा दिली, पण अंमलबजावणी राज्यांवर सोपवली आणि गुजरातने संमती दिली नाही. ती सारी चर्चा परदेशी की देशी या प्रश्नाभोवती फिरली. देशी भांडवलाच्या मोठ्या दुकानांना तो नियम लागूच नाही, आणि दुकानदारावर होणारा परिणाम मालकाच्या देशावर अवलंबून नसतो. ज्या मुद्द्यावर बोलायला हवे तो वितरण_बडोदे यांनी मांडलेला आहे. एकाच मालाचे स्पर्धक खरेदीदारांना वेगवेगळे भाव लावण्यावर अमेरिकेने १९३६ मध्येच रॉबिन्सन–पॅटमन कायद्याने बंधन घातले, जरी पुढे त्याची अंमलबजावणी मंदावली. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २००० मध्ये वॉलमार्टसह काही साखळी दुकानांना दूध, लोणी, पीठ अशा वस्तू खरेदी किमतीखाली विकण्यापासून रोखले. आपल्याकडे २००२चा स्पर्धा कायदा भेदभावाचे भाव आणि मारक किंमत (स्पर्धकाला संपवण्यासाठी खर्चाखाली लावलेली किंमत) या दोन्हींची दखल घेतो, पण ती बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगाबाबत. अनेक मोठे खरेदीदार असताना त्यांपैकी एकाचे वर्चस्व सिद्ध होत नाही आणि दुकानदाराची तक्रार दारातच अडते. बहिष्कारापेक्षा या फटीवर लिहिणे, बोलणे, निवेदने देणे मला महत्त्वाचे वाटते.

रावपुरा_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. ताई, पादरा-डभोईचा विचार आमच्या चर्चेत एकदाही आला नव्हता. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत मंडळाच्या पातळीवर करता येण्याजोगे काही असेल तर कृपया सुचवावे.

वितरण_बडोदे

एक गोष्ट लगेच करता येईल. बंद पुड्याच्या मालात, म्हणजे साबण, टूथपेस्ट, बिस्किटे यांत, लहान दुकानदार मोठ्या दुकानाशी भावाने झुंजू शकणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. धान्य, डाळी आणि मसाले यांत मात्र तो आजही टिकू शकतो, कारण तेथे छापील किमतीचा खेळ नसतो आणि माल पारखणारी नजर लागते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित, लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी आहे. सुट्या धान्यावर किंवा त्याहून मोठ्या पोत्यावर तो नाही. म्हणून मंडळाने घरोघरची मागणी एकत्र करून पेठेतल्याच दोन-तीन दुकानदारांमार्फत वर्षाचा गहू आणि तूरडाळ हाथीखान्यातून उचलावी. दुकानदाराला मोठ्या खरेदीचा भाव मिळेल, त्याची निवड-पाखड आणि पोहोचवण्याची मजुरी आधीच ठरवावी, आणि पैसे रोख द्यावेत, म्हणजे त्याची अडकलेली रक्कम उधारीच्या घरांसाठी मोकळी राहील.

गव्हात लोकवन जात हवी की टुकडी, आणि डाळ एरंडेल लावलेली हवी की कोरडी, एवढी नोंद प्रत्येक घराकडून होळीपूर्वी घ्या. नवा गहू बाजारात उतरल्यावर पहिल्या गाड्यांत ओलावा जास्त असतो, तेव्हा थोडे थांबून घेणे बरे. नमुना पाहायला मी मंडळींबरोबर येईन.