तीन काळे नमुने, तीन नावं: अग्निज खडक ओळखताना आधी काय बघायचं?

प्रश्न
प्रात्यक्षिकाला तीन नमुने होते, तिन्ही काळे. एकात नुसत्या डोळ्यांनी कण दिसतच नाहीत, तो बेसाल्ट. दुसऱ्यात पाच-सहा मिलिमीटरचे स्फटिक एकमेकांत घट्ट बसलेले, तो गॅब्रो. तिसरा चकाकणारा ऑब्सिडियन. पुस्तकात लिहिलंय की बेसाल्ट आणि गॅब्रो यांची रासायनिक घडण जवळपास सारखी, आणि ऑब्सिडियन मात्र ग्रॅनाइटच्या जातकुळीतला. घडण एक असून नावं दोन का? आणि काळ्या दगडाचं नातं फिक्या ग्रॅनाइटशी कसं?

उत्तर १
रंग बघायचा. गडद असेल तर लोह-मॅग्नेशियम जास्त आणि सिलिका (सिलिकॉन-ऑक्सिजनचं संयुग) कमी, फिका असेल तर उलट. खोल थिजला तर कण मोठे, पृष्ठभागावर थिजला तर बारीक. परीक्षेपुरतं एवढं बास.

उत्तर २
हा नियम बहुतेक खडकांना लागू पडतो, पण ऑब्सिडियनपाशी तो फसतो आणि प्रश्न तिथलाच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. खडकांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझं आयुष्य गेलं आहे, आणि हा विषय नुसत्या तक्त्यावर उरकलेला मला बघवत नाही.

खडकाचं नाव दोन गोष्टी सांगतं: शिलारस कसला होता आणि तो कसा थिजला. जेम्स हॉल या स्कॉटिश माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस बेसाल्टसारखा खडक भट्टीत वितळवला. रस झटकन थंड केला तर काच झाली, सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकांचा दगड. रस तोच! बेसाल्ट आणि गॅब्रोचंही असंच आहे. एक लाव्हा होऊन वर आला, दुसरा खोल राहिला आणि त्याच्या स्फटिकांना वाढायला हजारो वर्षं मिळाली.

आता रस कसला, ते. पायाखाली सगळीकडे वितळलेला रस भरलाय हे चित्र आधी डोक्यातून काढा. प्रावरण घन आहे. तिथला खडक वर सरकला की दाब घटतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली हेच चालतं. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे पाणी मिसळल्याने वितळणबिंदू उतरतो. असा निघालेला रस बहुधा बेसाल्टी असतो, सिलिका साधारण ५० टक्के. तो थंड होताना आधी ऑलिव्हीन, मग पायरॉक्सिन, सोबत कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज असे स्फटिक बनतात. ते रसापासून वेगळे पडले की उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते आणि क्वार्ट्झ शेवटी येतं. नॉर्मन बोवेन यांनी प्रयोगांतून हा क्रम मांडला. माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना हीच. मात्र ग्रॅनाइटचा सगळा रस असाच तयार होत नाही, पुष्कळसा भूकवचच वितळून येतो.

सिलिका ४५ टक्क्यांखाली, ४५ ते ५२, ५२ ते ६३ आणि त्यावर, अशा खडकांच्या चार पायऱ्या मानतात. ऑब्सिडियनमध्ये ती ग्रॅनाइटसारखीच जास्त, बहुधा सत्तरच्या पुढे असते. रस इतका चिकट की थिजताना अणूंना स्फटिकात रचून बसायला वाव मिळत नाही. काचेत विखुरलेले लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण त्याला काळं करतात. नमुन्याची पातळ कड उजेडासमोर धरा, प्रकाश आरपार येताना दिसेल.

प्रश्नकर्ती
सर, खूप आभार. कड धरून बघितली, खरंच करडी पारदर्शक दिसते! पण मग पेग्माटाइटमधले हातभर स्फटिक म्हणजे सर्वांत सावकाश थिजलेला खडक का?

उत्तर २
नाही, आणि हे विचारलंत ते छान केलंत. पेग्माटाइट शेवटच्या उरलेल्या रसातून होतो. त्यात पाणी, बोरॉन, फ्लोरिनसारखी द्रव्यं साठलेली असतात. त्यामुळे नवे स्फटिक थोडेच सुरू होतात, पण जे सुरू होतात त्यांच्याकडे अणू सहज पोचतात आणि ते भराभर वाढतात. कणांचा आकार म्हणजे फक्त वेळ, असं धरू नका.

उत्तर ३
एक भर. बारीक कणांत मधूनच मोठे स्फटिक दिसले तर तो पॉर्फिरी पोत: आधी खोलवर सावकाश, मग वर येऊन झटपट. तिथे मोठ्या स्फटिकांवरून गॅब्रो किंवा ग्रॅनाइट म्हणायची घाई करू नका, भोवतालचा बारीक भाग बघा. तो इतका बारीक असेल की खनिजं मोजता येत नाहीत, तर रासायनिक विश्लेषण करून सिलिकेसमोर सोडियम-पोटॅशियमची ऑक्साइडं मांडतात आणि नाव ठरवतात. भरड खडकात मात्र क्वार्ट्झ आणि दोन प्रकारच्या फेल्डस्पारांचं (हा खनिजांचा एक गट, वर आलेलं प्लॅजिओक्लेज त्यातलंच) प्रमाण मोजतात. ग्रॅनाइटच्या फिक्या खनिजांत क्वार्ट्झ २० ते ६० टक्के असावं लागतं.