आजोबांची जुनी पगार होडी घरच्या घरी दुरुस्त करायचीय, सल्ला हवा

खाडीकाठ:
मंडळी नमस्कार. कालावल खाडीजवळ आमच्या घरामागच्या खोपीत आजोबांची उलांडीची पगार पडून आहे, म्हणजे तोल धरायला बाजूला तरंगता ओंडका (उलांडी) बांधलेली होडी. खालचा कोरीव भाग आंब्याच्या एका खोडाचा, वर दोन्ही अंगांना फळी काथ्याने शिवलेली. मागच्या बाजूला तळात हातभर जागा मऊ पडलीय, दाभण सहज आत जातं, आणि एका अंगाची शिवण उसवलीय. बाकी लाकूड ठोकून बघितलं तर टणक वाजतं. उलांडीचा ओंडका मात्र पार गेलाय. शेजारचं जुनं घर पाडलं त्याचं सागवान मिळालंय, वासे, दोन भाल आणि दाराच्या चौकटी, शिवाय भंगारातली जाड तांब्याची वायर आहे. शक्य तितकं ह्याच सामानात भागवायचंय. मासेमारी करायची नाही, खाडीत वल्हवायचं आणि मुलीला शिकवायचं एवढंच. गावात जो तो म्हणतो वरून फायबर मार आणि मोकळा हो. काय करू?

उंडीचा_पार:
फायबर अजिबात मारू नको रे बाबा. जुन्या लाकडात तेल मुरलेला असता, फायबर त्येका धड धरणा नाय. वर्षभरान कडेन सुटता, फटीतसून पाणी आत जाता आणि थयच ऱ्हवता. भायरसून होडी चकचकीत आणि आत लाकूड कुसता, कळता तेव्हा उशीर झालेलो असता.

रंधा_पटाशी:
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. शिवलेली होडी लाटेवर थोडी हलते, फळ्या सरकतात, त्यावर कडक कवच बसवलं तर ते तडकणारच. मऊ झालेलं लाकूड टणक भाग लागेपर्यंत पटाशीने काढून टाक, अजिबात दयामाया नको, आणि तिथे ठिगळ बसव. ठिगळाच्या कडा सरळ कापू नकोस, उतरत्या काप, एक इंच जाडीला आठ इंच उतार धर म्हणजे जोड टिकतो. तळाच्या ठिगळाला सागवान नको, आंबाच घे, पूर्ण वाळलेला, कारण दोन वेगळी लाकडं पाण्यात वेगवेगळी फुगतात आणि सांधा उघडतो. तुझं सागवान वरच्या फळीला आणि बसायच्या पाटांना वापर, तिथे ते सोनं आहे. फक्त रंधा मारायच्या आधी प्रत्येक वाशावरून लोहचुंबक फिरव, जुन्या घराच्या लाकडात मोडलेले खिळे असतातच आणि एका खिळ्यात पातं जातं. आतले वांक, म्हणजे होडीच्या वाकड्या फासळ्या, बदलायचे असतील तर सरळ वाशातून वाकडा तुकडा कापून काढू नकोस, रेषा आडव्या कापल्या जातात आणि जोर आला की तिथेच मोडतो. बाभळीची मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोध.

तांब्याची वायर मस्त काम देईल. तुकडे कापायचे, भोकातून घालायचे, दोन्हीकडे तांब्याचा वायसर लावून टोक ठोकून पसरवायचं, झाला रिबिट. पण त्याच्या शेजारी लोखंडी खिळा ठेवू नकोस, खाऱ्या पाण्यात तांब्याजवळचं लोखंड भराभर खाल्लं जातं.

खाडीकाठ:
खूप धन्यवाद दोघांना! शिवण नव्याने घालू की तिथेही रिबिट मारू? आणि वरून काय लावायचं?

काजूबाग:
शिवणच घाला, प्लीज. शिवलेल्या होडीची गंमतच ती आहे की काथ्या कुजला तर उसवून परत शिवता येतं, फळी तीच राहते. काथ्याच्या ताकदीबद्दल शंका असेल तर कौंडिण्य बघा, अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं आख्खं शिडाचं जहाज काथ्याने शिवलेलं आहे आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालंय. काथ्या वेंगुर्ल्याच्या महिलांच्या काथ्या संस्थेत विचारून बघा. जुनीच भोकं वापरा, नवीन पाडली की फळी कमजोर होते, आणि शिवून झाल्यावर भोकं राळ आणि तेल कालवून बुजवा. लाकडाला आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात, किडीला चांगलंच, पण ते कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा लांब हातमोजे, चष्मा, आणि मुलीला त्या दिवशी लांबच ठेवा. घरी तापवायच्या भानगडीत तर पडूच नका. आतून उंडीचं तेल चालेल.

रंधा_पटाशी:
अजून एक, काम चालू असताना होडी उन्हात काढू नकोस, कोरलेलं खोड तापलं की उभी चीर जाते. सगळं झालं की उथळ पाण्यात बांधून ठेव, सुरुवातीला पाणी आत येईलच, घाबरू नकोस, लाकूड फुगलं की सांधे मिटतात. आणि रोज वापरून झाल्यावर काठावर ओढून ठेव. पाण्यातली कीड शिरते तेव्हा टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं आणि आत बोगदे झालेले असतात, कोरड्यावर राहिलेल्या होडीला तो त्रास फार कमी. उलांडीला सागवान जड पडेल, पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड बघ.

खाडीकाठ:
ठरलं, फायबर रद्द. उद्या सगळी होडी दाभणाने तपासून मऊ जागांना खडूने खुणा करतो आणि फोटो टाकतो, किती खोल काढायचं ते तेव्हा सांगा. मालवण-मसुऱ्याच्या आसपास कोणाकडे पांगारा पडलेला असेल तर कळवा, टेम्पो घेऊन येतो.