प्राणी 'जवळून' बघायचा एवढा सोस कशाला?

खारदांडा (धागाकर्ता)

परवा 'पाठपिशवी' यांचा बेटांवरच्या २६ दिवसांचा लेख वाचला. प्रतिसाद तिथेच देणार होतो, पण तो लेखापेक्षा मोठा व्हायला लागला, म्हणून हा वेगळा धागा. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पाठीवर सॅक, खिशात बेताचे पैसे, आधी इंडोनेशियातलं फ्लोरेस, कोमोडो, रिंचा आणि मग फिलिपिन्स. कोमोडो ड्रॅगनपासून पाच फुटांवर उकिडवं बसून फोटो. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला व्हेल शार्क म्हणे 'स्वतःहून भेटायला आला'. आणि शेवटी आमच्यासारख्यांना टोला: "टोप्या घालून पॅकेज टूरच्या बसमधून उतरणाऱ्यांना हा खरा निसर्ग कधीच दिसणार नाही."

टोप्यांवर नंतर येतो. आधी ते 'स्वतःहून'.

ओस्लोबचे मच्छीमार २०११च्या सुमारापासून होडीतून मूठमूठ जवळा पाण्यात सोडतात. मासा त्याच्यामागे येतो. होड्यांना घासून त्याच्या अंगावर ओरखडे पडलेले असतात, ते तुमच्याच फोटोत दिसताहेत, झूम करून बघा. माझ्या बापाने उभा जन्म दर्यावर काढला. आमच्याकडे मुशीचं (लहान शार्कचं) कालवण व्हायचं, कौतुक नाही. पण जवळा फेकल्यावर जो येतो त्याला 'भेटायला आला' म्हणत नाहीत, हे त्यालाही कळायचं. ससून डॉकवर बगळे येतात, तेही आमची खुशाली विचारायलाच येत असतील.

रिंचाचं तेच. लोह बुआयाच्या रेंजर चौकीपाशी ड्रॅगन पसरलेले असतात ते स्वयंपाकघराच्या वासाने. मी स्वतः २०१६ला बघून आलोय, तिथला गाइडच हसत हसत सांगतो. तुम्ही अरण्यात नव्हता हो, मुदपाकखान्यामागे होता.

आता टोप्या. २०११ला माझी आई पॅकेज टूरने अंदमानला गेली. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. टोपी होती, पिवळी. हॅवलॉकला (स्वराज द्वीप व्हायला अजून सात वर्षं होती) बाकीचे काचेच्या तळाच्या होडीत बसून प्रवाळ बघायला गेले आणि ही किनाऱ्यावर खुर्ची टाकून तासभर एका शंखातल्या खेकड्याकडे बघत बसली. घरी आल्यावर चार दिवस तेच. त्याने जुना शंख सोडून नवा घेतला, पण आधी आत नांगी घालून कोपरान् कोपरा चाचपला, म्हाडाची लॉटरी लागलेले लोक भिंती ठोकून बघतात तसा. तुमच्या पाच फुटांत असलं काही दिसलं का? की ड्रॅगन नुसता पडून होता?

जवळ गेलं की जास्त दिसतं, हे ठरवलं कुणी?

लोकलचा_तिसरा_डबा

रुमाल टाकून ठेवतो. आज शंभर प्रतिसाद नक्की.

पाठपिशवी

काका (काकाच असणार, लेखणी सांगते), २०१६ला स्वतः जाऊन आलात, डोळे भरून बघितलंत आणि आता आम्हाला शिकवताय. फास्ट लोकलमध्ये आत शिरल्यावर दारातल्याला "जागा नाही" म्हणतात, त्यातला प्रकार.

पाच फूट हा लेन्सचा कोन आहे. शेजारी दुबेळकं लाकूड घेऊन रेंजर उभा होता. तो जिथे थांब म्हणाला तिथे थांबलो. २००७ला तिथे आठ वर्षांचा मुलगा गेलाय, २००९ला एक मच्छीमार. चावा विषारी असतो. मी मूर्ख नाही.

आणि पैशाचं बोला की. २०२२ला तिकडच्या सरकारने कोमोडोचं तिकीट साडेसदतीस लाख रुपिया करायचं काढलं. आपले वीसेक हजार. उद्देश तुमच्यासारखाच उदात्त, गर्दी कमी करायची. ऑगस्टमध्ये लाबुआन बाजोचे (कोमोडोच्या होड्या सुटतात ते बंदर) होडीवाले, गाइड, हॉटेलवाले संपावर गेले आणि सरकारला मागे सरकावं लागलं. तिकीट वाढवा, म्हणजे यॉटवाले येतील आणि खानावळीत जेवणारे आम्ही घरी बसू. कोमोडो गावातले लोक माणूस आणि 'ओरा' (म्हणजे ड्रॅगन) ही एकाच आईची जुळी पोरं मानतात. त्यांच्या घरी राहिलो, त्यांनी कोरलेला लाकडी ड्रॅगन घेतला. पिवळ्या टोपीने तिथे काय ठेवलं असतं?

(आईंबद्दल अनादर नाही. खेकड्याचं आवडलं.)

भरती_ओहोटी

दोघेही पर्यटकच, भांडण फक्त टोपीचं.

थायलंडचा माया बे हा किनारा २०१८च्या जूनमध्ये बंद केला. २०२२च्या जानेवारीत उघडला तेव्हा काळ्या टोकाच्या मुशी परत आलेल्या होत्या. कुणी संवर्धनावर भाषणं दिली नव्हती. माणसं नव्हती, बस्स. गलापागोस बेटांच्या राष्ट्रीय उद्यानात बहुतेक ठिकाणी गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहावं लागतं, आणि १ ऑगस्ट २०२४पासून प्रवेश फी शंभरची दोनशे डॉलर केली. तिथे कुणी 'निसर्ग हिरावला' म्हणून छाती पिटत नाही.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. मी ओहोटीच्या वेळा बघून लोकांना हाजी अलीच्या खडकांवर घेऊन जाते. फुलासारखे समुद्री अॅनिमोन, बटणांसारखे प्राणी, कधी डबक्यात ऑक्टोपस. पहिला प्रश्न काय? "एवढंच?" दुसरा, "वास कसला येतोय?" कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की मुंबईत प्रवाळ आहेत. आणि ग्रेट निकोबार? जगातलं सगळ्यात मोठं समुद्री कासव गलाथिया बेमध्ये अंडी घालतं. त्या अभयारण्याचा दर्जा २०२१ला काढून घेतला, बंदर येतंय. या संस्थळावर त्यावर किती धागे आले? मी शोधले. एक. माझाच. तीन प्रतिसाद, त्यातले दोन माझे.

निवृत्त_लिपिक

भरतीताई, तुमच्या धाग्यावरचा तिसरा प्रतिसाद माझा होता, हे नम्रपणे नमूद करतो.

बाकी ड्रॅगन ड्रॅगन काय लावलंय? मोठी घोरपड ती. घोरपड बघायला एवढे पैसे घालून इंडोनेशिया? मला १९९८ला अंदमानला जायचं होतं. एलटीसी (सरकारी प्रवास सवलत) मंजूर, तिकिटं हातात. एका साहेबाने ऑडिटचं कारण काढून रजा कापली आणि स्वतः त्याच आठवड्यात गोव्याला गेला. आज वेळ आहे, गुडघे नाहीत. तेव्हा तरुणांनो, जा. पण घोरपड बघायला नको. ती सिंहगडावर नेऊन पोचवणारी आपली यशवंती घरचीच होती.

शंकासुर

घोरपड आणि कोमोडो एकाच कुळातले, इथवर बरोबर. पण आपली घोरपड भरली तरी सहा-सात किलोची, आणि तो सत्तर किलो. तानाजींचं वजन धरून गणित करा. कोमोडो आणला असता म्हणाल तर तोही बाद. मोठा झाला की त्याला झाडावरसुद्धा चढता येत नाही. फक्त पिल्लं चढतात, कारण खाली राहिली तर मोठे त्यांनाच खातात.

मावळा_१६७०

इथे इतिहासाची टिंगल चाललीय ती ताबडतोब थांबवा. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तिथे रक्त सांडलंय.

शंकासुर

रक्त सांडलं हे कोण नाकारतंय? सभासदाने आपल्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून गेले असं लिहिलंय. घोरपड पोवाड्यातली. आणि मला सांगा, घोरपडीच्या आधाराने चढणं मोठं की नुसत्या हातापायांनी? मी मान वाढवतोय, तुम्ही कमी करताय.

मावळा_१६७०

पुस्तकी किडे. कधी घोरपड ओढून बघितलीय का? मुळशीला आमच्या घराच्या कौलाखाली एक शिरली होती. काका, मी आणि गडी, तिघे शेपटीला धरून ओढत होतो, वासा हलला पण ती हलली नाही. आधी ते करून दाखवा, मग वजनाची गणितं मांडा.

लोकलचा_तिसरा_डबा

कोमोडोहून निघालेली गाडी सिंहगडला पोचली. पुढील स्टेशन पानिपत.

वेंगुर्लेकरीण

घोरपड ओढली म्हणून छाती काढू नका. मला बोलायचं नव्हतं, पण आता बोलते.

मी नऊ वर्षांची असताना मामाने विहिरीच्या कडेला घोरपड धरली. पाय पाठीवर बांधले आणि गोणपाटाच्या पिशवीत घालून ती पडवीत ठेवली. दोन दिवस जिवंत होती. मी येता-जाता पिशवीचं तोंड उघडून बघायची. तिची जीभ बाहेर यायची आणि आत जायची, डोळे माझ्याकडे. आजी म्हणत होती, "तिका मारू नको रे, ती तुझा काय खाता?" मामाने ऐकलं नाही. तेल गुडघ्यांना, मटण शेजाऱ्यांत वाटलं आणि कातडं गेलं घुमट वाद्याला. गावात घुमटाला तेच लागायचं, तिकडे देशावर दिमडीला. आता बकऱ्याचं चामडं लावतात, आवाज थोडा बसका येतो म्हणे. येऊ दे.

पुढचं ऐका. लग्नानंतर डोंबिवलीला आल्यावर नवऱ्याने दादरच्या फुटपाथवरून 'हत्ताजोडी' आणली, आठशे रुपयांना. दोन हात जोडल्यासारखी मुळी, दुकानाच्या गल्ल्यात ठेवली की बरकत येते. दोन वर्षं शेंदूर लावून उदबत्ती ओवाळली. मग एक दिवस पेपरात फोटोसकट आलं की ती मुळी नव्हेच. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला. म्हणजे आम्ही देवघरात तुरुंगच ठेवला होता. नवऱ्याने रात्री ती खाडीत नेऊन टाकली. येताना रिक्षात एक शब्द बोलला नाही.

तर पाठपिशवीदादा, तुम्ही जवळून बघितलंत ते लांबून. मी जवळून बघितलंय.

भरती_ओहोटी

वेंगुर्लेकरीणताई, नमस्कार घ्या.

निवृत्त_लिपिक

आमच्या ऑफिसात कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये एक होती. आता त्या माणसाकडे नव्या नजरेने बघावं लागेल. त्याची रजा मात्र कधी कापली गेली नाही.

मावळा_१६७०

आम्ही ओढली, मारली नाही. कौलं उतरवली आणि तिला वाट करून दिली. हे लिहायचं राहिलं होतं. वजनावरचा मुद्दा कायम.

पाठपिशवी

आता सगळे मिळून माझ्याकडे वळणार, म्हणून आधीच लिहितो.

ओस्लोबचं मला तिथे असतानाच खटकलं होतं. होडीवाला सारखा मूठ सोडत होता आणि मासा तोंड वर करून पाण्यात उभाच्या उभा. आमच्या गोठ्यातली म्हैस आंबोणाला तोंड वर करते तसा. मला ते दिसलं, आणि मी 'स्वतःहून' लिहिलं, कारण 'बांधून घातलेला' असं लिहिलं असतं तर एवढे पैसे कशाला घातले हे आईला सांगता आलं नसतं. ते वाक्य काढतोय. त्याच बेटांमधल्या दोनसोलला जवळा न टाकता दाखवतात. तिथे दिवसभर हिंडूनही कधी कधी दिसत नाही, म्हणून मी गेलो नाही. झालं समाधान?

पण व्हेल शार्कबद्दल एक ऐकाच. वेरावळला एके काळी त्याला तेलासाठी कापायचे. २००१ला संरक्षण मिळालं, २००४ला मोरारीबापूंनी सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, आणि तेच कोळी स्वतःची जाळी कापून मासा सोडायला लागले. त्यांना कुणी 'लांब राहा' म्हटलं नव्हतं. नातं सांगितलं होतं. माझं 'जवळ' म्हणजे ते.

कोमोडोचं वाक्य राहणार.

भरती_ओहोटी

फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळायची, तेही लिहा. नुसत्या नात्यावर जाळं कापायला कोळी काय वेडा आहे? विचारा धागाकर्त्यांना.

खारदांडा

भरपाई मिळते म्हणूनच कापतात, आणि त्यात लाज काय? बाप असता तर त्यानेही कापलं असतं. आधी मात्र पैसे कोण देणार, कधी देणार, हे तीनदा विचारलं असतं.

पाठपिशवी, तुमचं वेरावळ पटलं, असं लिहायला बोट उचलत नाही, तरी लिहिलं. तिकिटाचंही अर्धं पटलं. वीस हजार असते तर २०१६ला मीही गेलो नसतो, हे कबूल. टोपीचं वाक्य मात्र अजून तुमच्या लेखात तसंच दिसतंय. आत्ताच बघून आलो.

पाठपिशवी

काढलं. पान रिफ्रेश करा.

शंकासुर

यशवंतीचा वेगळा धागा काढू का?

लोकलचा_तिसरा_डबा

नको!!!

खारदांडा

केलं रिफ्रेश. आता खासगीतली गोष्ट चव्हाट्यावर. तुमचा लेख घरात मोठ्याने वाचून दाखवला तो चूक काढायला. बायकोने चूक ऐकली नाही, पाडार बेटाच्या डोंगरावरून तीन बाजूंना तीन किनारे दिसतात तेवढंच ऐकलं. गेल्या वेळी मी मित्रांबरोबर गेलो होतो, ते नऊ वर्षं ऐकतोय. तिला दिवाळीनंतर जायचंय. लाबुआन बाजोच्या तुमच्या होडीवाल्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. आणि एवढं सांगा, स्वयंपाकघराच्या पुढे उभं राहायचं की मागे.