मदत हवी आहे : इ.स.पू. ४४५ चा लग्नाचा कायदा पॅट्रिशियनांनी (रोमच्या जुन्या उमराव घराण्यांनी) मानला कसा?

नमस्कार मंडळी, मुलीला सुरुवातीचं रोमन प्रजासत्ताक समजावून सांगताना एका जागी अडलोय.

सेंच्युरी सभेत, म्हणजे नागरिक मालमत्तेनुसार गटागटाने मत देत त्या सभेत, १९३ गट, प्रत्येक गटाला एकच मत. त्यातले १८ घोडेस्वारांचे, ८० पहिल्या वर्गातल्या धनिकांचे. म्हणजे ९८ मतं, बहुमत तिथेच झालं! मतदान वरून खाली चालायचं, त्यामुळे वरच्यांचं एकमत झालं की खालच्यांची पाळीच यायची नाही. ज्यांच्याकडे मालमत्ता नाही, अशा सगळ्यांचा मिळून एकच गट. हे वाचून फार वाईट वाटलं.

इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन (पॅट्रिशियन नसलेले सामान्य नागरिक) शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले आणि त्यांनी आपले ट्रिब्यून (प्लेबियनांची बाजू राखणारे अधिकारी) मिळवले, इथवर कळतं. पुढे बारा फलकांच्या कायद्याने (रोमच्या पहिल्या लिखित कायद्याने) पॅट्रिशियन-प्लेबियन लग्नाला बंदी घातली. ४४५ मध्ये ट्रिब्यून कॅन्युलियसने ती उठवून घेतली. पण प्लेबियन सभेचे ठराव सगळ्यांवर बंधनकारक झाले ते २८७ च्या हॉर्टेन्सियस कायद्याने ना? मग ४४५ चा ठराव पॅट्रिशियनांवर लागू कसा झाला? सिनेटची संमती घेतली, की सैन्यभरती अडवण्याची धमकी पुरली?

जाणकारांनी कृपया उलगडून सांगावं. मुलगी रोज विचारतेय.