पेट्रोनास जुळे मनोरे : जोडपूल दोन्ही इमारतींना आधार देतो का?

प्रश्न – उंबरठा

क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांची छायाचित्रे पाहताना एक प्रश्न वारंवार पडतो. 451.9 मीटर उंचीच्या या दोन 88 मजली इमारतींना 41व्या आणि 42व्या मजल्यांवर जोडणारा पूल आहे आणि त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना तिरपे पाय खाली उतरलेले दिसतात. वाऱ्याच्या माऱ्यापुढे दोन्ही मनोऱ्यांनी एकमेकांना धरून उभे राहावे, हाच त्या पुलाचा हेतू आहे असे मी आजवर समजत होतो. परंतु स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मित्राने हा समज पूर्णपणे चुकीचा असल्याचे सांगितले. मग तो पूल नेमका कशासाठी आहे? शिवाय एवढी उंच इमारत पोलादी सांगाड्याऐवजी मुख्यतः काँक्रीटमध्ये का बांधली असावी?

उत्तर 1 – तुळई

आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. दोन उंच इमारती वाऱ्यात एकाच वेळी, एकाच दिशेने आणि सारख्याच प्रमाणात डोलतील याची खात्री नसते. कधी त्या एकमेकींपासून दूर जातात, कधी जवळ येतात, तर कधी किंचित पिळवटल्याही जातात. अशा दोन इमारतींमध्ये सुमारे 58 मीटर लांबीचा पूल दोन्ही टोकांना घट्ट जखडला, तर त्यांच्या हालचालीतून निर्माण होणारे प्रचंड बल त्या जोडांवरच येईल आणि जोड निकामी होतील. दोन मनोऱ्यांना खरोखर एकत्र काम करायला लावायचे असेल, तर एकाच ठिकाणचा नाजूक पूल पुरत नाही. अनेक पातळ्यांवर अवजड कैच्या (त्रिकोणी जोडणीचे ताठ सांगाडे) घालाव्या लागतात.

म्हणून येथे उलट मार्ग निवडला गेला. पुलाची टोके इमारतींमध्ये बेअरिंगवर सरकू शकतात आणि पुलाचा मध्यभाग तिरप्या पायांच्या कमानीवर टेकलेला आहे. हे पाय 29व्या मजल्याच्या पातळीवर बिजागरीसारख्या जोडांवर उभे आहेत. मनोरे दूर गेले की कमानीचा माथा किंचित खाली येतो, जवळ आले की वर जातो. मात्र पूल मधोमधच राहतो आणि हालचाल दोन्ही टोकांत सारखी वाटली जाते. रचना साधी दिसते, पण मला तरी संपूर्ण प्रकल्पातला हा सर्वांत देखणा विचार वाटतो. सडपातळ पायांना वाऱ्यामुळे कंप सुटू नये म्हणून त्यांच्या आत कंपशामकही बसवलेले आहेत.

काँक्रीटविषयी सांगायचे तर, पोलाद मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागले असते आणि मलेशियातील बांधकाम क्षेत्राचा हात काँक्रीटवर अधिक बसलेला होता. त्याशिवाय काँक्रीटची इमारत जड असते आणि डोलणे लवकर शमवते, त्यामुळे वरच्या मजल्यांवर बसणाऱ्यांना हेलकावे कमी जाणवतात. मधला गाभा आणि त्याभोवतीचे 16 मोठे खांब उच्च शक्तीच्या काँक्रीटचे आहेत. तळाशी या खांबांचा व्यास सुमारे 2.4 मीटर असून वर जाताना तो कमी होत जातो. मजल्यांच्या तुळया मात्र पोलादी आहेत, कारण त्या लवकर बसवता येतात.

उत्तर 2 – जिना क्रमांक दोन

वरील उत्तराला एक पुरवणी. पूल दुमजली का आहे, याचे कारण लिफ्टमध्ये आहे. या मनोऱ्यांत एकावर एक दोन कक्ष असलेल्या लिफ्ट आहेत, त्यामुळे मधला थांबाही 41 आणि 42 अशा दोन मजल्यांवर करावा लागला आणि पूलही त्याच दोन मजल्यांना जोडतो.

एका मनोऱ्यात आग लागल्यास दुसऱ्यात जाण्याचा मार्ग, हाही पुलाचा उपयोग गृहीत धरला होता. परंतु 12 सप्टेंबर 2001 रोजी बाँबच्या खोट्या धमकीमुळे दोन्ही मनोरे एकदमच रिकामे करावे लागले, तेव्हा पुलाचा काही उपयोग नाही आणि जिन्यांची क्षमता अपुरी पडते, हे उघड झाले. त्यानंतर अशा प्रसंगी लिफ्टही वापरण्याची योजना आखली गेली.

उंबरठा

दोघांचेही आभार. म्हणजे दोन्ही इमारती स्वतंत्रच उभ्या आहेत असे मानायचे, तर त्यांचा पायाही वेगवेगळा आहे का? आणि काँक्रीटमुळे वाढलेले वजन त्या जमिनीने कसे पेलले?

उत्तर 3 – पायाड

होय, प्रत्येक मनोऱ्याला स्वतःचा राफ्ट, म्हणजे इमारतीखाली पसरलेली काँक्रीटची जाड लादी, आहे, आणि खरे अवघड काम तेथेच झाले. वास्तुरचनाकार सेझार पेली यांच्या अष्टकोनी ताऱ्याच्या आराखड्याची चर्चा सर्वत्र होते (दोन चौरस एकमेकांवर फिरवून ठेवायचे आणि त्यांच्या कोपऱ्यांमधील खाचांत वर्तुळखंड भरायचे), पण जमिनीखाली काय आहे याची चर्चा फारशी होत नाही. तेथे चुनखडक आहे. पाण्याने झिजून त्यात पोकळ्या झालेल्या आहेत आणि त्याचा पृष्ठभाग सपाट नसून तीव्र उताराचा आहे. मूळ जागेवर बांधले असते तर मनोऱ्याचा एक भाग खडकावर आणि दुसरा खोल मातीवर आला असता, आणि इमारत एका बाजूला कलण्याचा धोका राहिला असता. त्यामुळे मनोऱ्यांची जागा सुमारे 60 मीटर सरकवण्यात आली, जेणेकरून संपूर्ण पाया मातीच्या जाड थरावरच येईल.

मग खडकापर्यंत न पोहोचता, भोवतालच्या मातीशी होणाऱ्या घर्षणावर भार पेलणारे खोल स्तंभ घातले गेले. त्यांपैकी काही 100 मीटरहून अधिक खोल आहेत. त्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवली, कारण खडकाचा उतार पाहता सारख्या लांबीच्या स्तंभांमुळे इमारत असमान खचली असती. खडकातल्या पोकळ्या सिमेंटच्या ग्राउटने (पातळ मिश्रणाने) भरून काढल्या. यावर 4.5 मीटर जाडीचा राफ्ट आहे. एकेका मनोऱ्यासाठी सुमारे 13,200 घनमीटर काँक्रीट 54 तास अखंड ओतले गेले. एवढ्या जाडीच्या काँक्रीटमध्ये काम मध्येच थांबले तर जुन्या आणि नव्या थरांत सांधा राहतो, म्हणून ते सलग ओतणे भाग होते.